वीस अंडी आणि आईचा वाटा

वीस अंडी घ्या, त्याहून जास्त मिळाली तर आणखी बरे. दोन-तीन खुडूक कोंबड्यांखाली ती उबवायला ठेवा. दुसऱ्या दिवसापासून रोज एक अंडे काढायचे, फोडायचे आणि आत काय दिसते ते पाहायचे. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास एका ग्रीक वैद्याने ही कृती लिहून ठेवली. ग्रंथावर नाव हिप्पोक्रेटिसचे पडले, पण लिहिणारा दुसराच कोणी असावा असे अभ्यासक मानतात. कोंबडीचे पिल्लू एकवीस दिवसांत बाहेर येते. दुसऱ्या दिवसापासून रोज एक म्हटले की बरोबर वीस अंडी लागतात. हिशेब चोख आहे.

लहानपणी आमच्याकडे रवणीला बसवलेली अंडी आजी रात्री दिव्यासमोर धरून पाहायची. आत लाल नसांचे जाळे दिसले तर अंडे परत कोंबडीखाली, नाही तर बाजूला. ते जाळे कुठून आले, असा प्रश्न तिला कधी पडला नसावा. ग्रीकांना तो पडला आणि सहाशे वर्षे त्यांनी तो सोडला नाही. पिल्लाला, वासराला, माणसाच्या मुलाला बाप काय देतो आणि आई काय देते? आधी काय घडते, डोके की काळीज? मुलगा का होतो, मुलगी का होते, आणि नाक आईचे अन् चाल बापाची हे कसे काय?

या वादाचा सगळ्यात गाजलेला युक्तिवाद तत्त्वज्ञाच्या तोंडी नसून नाटकातल्या देवाच्या तोंडी आहे. इ.स.पू. 458 साली अथेन्समध्ये एस्किलसची ओरेस्टेसवरची नाट्यत्रयी झाली. ओरेस्टेसने आईचा खून केला आहे आणि खटला चालू आहे. अपोलो त्याच्या बाजूने उभा राहतो आणि सांगतो की आई ही मुलाची जन्मदात्री नसतेच, तिने फक्त परक्याचे रोप सांभाळलेले असते. जन्म देतो तो बाप. पुरावा म्हणून समोर अथीना उभी आहे, झ्यूसच्या डोक्यातून आईविना जन्मलेली. बीज बापाचे आणि क्षेत्र आईचे, ही मांडणी आपल्याकडच्या धर्मशास्त्राच्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नांगर हाकणाऱ्या कुठल्याही समाजाला ती सुचते.

ग्रीकांचे मत हेच होते असे या प्रसंगावरून सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. एक तर नाटकातच पंचांची मते समसमान पडतात आणि ओरेस्टेस सुटतो तो काठावर. दुसरे म्हणजे, नाटकानंतर सात-आठ वर्षांतच पेरिक्लीसने कायदा केला की आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. बापाकडून सावत्र असलेल्या बहिणीशी तिथे लग्न चालत असे, आईकडून सावत्र असलेल्या बहिणीशी मात्र नाही. आई म्हणजे नुसती जमीन, असे मानणाऱ्या गावाने हे नियम केले नसते. अपोलो वकिली करत होता.

तत्त्वज्ञांमध्येही एकमत नव्हते. दक्षिण इटलीतल्या क्रोटोनचा अल्कमिऑन म्हणे की बीज मेंदूतून येते आणि ते दोघांचेही असते. ज्याचे वरचढ ठरेल त्याचे लिंग मुलाला. पार्मेनिडीसने मुलगे उजवीकडे आणि मुली डावीकडे घातल्या. अ‍ॅनाक्सागोरसने बीज एकट्या बापाला दिले, आईकडे फक्त जागा ठेवली, आणि उजवे-डावे बापाच्या अंगात नेले. सिसिलीतल्या एम्पेडोक्लिसला वाटे की गर्भाशय ऊबदार असेल तर मुलगा, थंड असेल तर मुलगी. आज हे वाचताना हसू येते, पण 'उजवा पाय आधी टाकला तर मुलगा' छापाचे अंदाज आपल्या घराघरांत ऐकत आलेल्यांनी फार हसू नये.

एम्पेडोक्लिसची एक उपमा मात्र विसरता येत नाही. ग्रीकांत दोन मित्र निरोप घेताना हाडाचा किंवा मातीचा एक तुकडा मोडून अर्धा-अर्धा वाटून घेत. पुढे कधी गाठ पडली की कडा जुळवून ओळख पटवत. मुलाचे शरीर असेच दोघांत फाटून राहिलेले असते, असे तो म्हणतो. अर्धे आईकडे, अर्धे बापाकडे, आणि कडा जुळल्या की मूल. गुणसूत्रांच्या जोड्या शिकवताना वर्गात याहून चांगली उपमा मी ऐकलेली नाही. अर्थात त्याला गुणसूत्रे ठाऊक होती असे म्हणणे म्हणजे पुष्पक विमानाला इंजीन बसवण्यासारखे आहे.

आता पुन्हा आपल्या अंडीवाल्या वैद्याकडे. त्याचे आणि डेमॉक्रिटसचे मत साधारण एका अंगाने जाते: बीज सबंध शरीरातून येते, हाडातून हाडाचे, मांसातून मांसाचे. ते पाठीच्या कण्यातून खाली उतरते. डोक्यातून येणाऱ्या बीजाची वाट कानांजवळून जाते, म्हणून तिथे छेद घेतलेल्यांचे बीज कमी आणि दुबळे पडते, असेही तो सांगतो. स्त्रीलाही बीज असते, आणि दोघांच्याही बीजात सबळ-दुर्बळ असे दोन प्रकार असतात. दोघांकडून सबळ आले तर मुलगा, दोघांकडून दुर्बळ आले तर मुलगी. मिसळ झाली तर ज्याचे प्रमाण जास्त त्याचे चालते. इथे तो मेण आणि चरबी एकत्र वितळवायला सांगतो. पातळ असताना कोणते जास्त ते कळत नाही, गोठले की कळते. बापाच्या डोळ्यांतून जास्त आले तर डोळे बापाचे, आईच्या हनुवटीतून जास्त आले तर हनुवटी आईची. एकाही बाबतीत आईसारखे नाही किंवा एकाही बाबतीत बापासारखे नाही, असे मूल असूच शकत नाही, हे त्याचे ठाम म्हणणे.

याच वैद्याने सांगितलेली एक हकीकत वाचताना अंगावर काटा येतो. त्याच्या नात्यातल्या एका बाईकडे एक गाणारी दासी होती. ती महागडी होती आणि पुरुषांकडे जात असे. तिला दिवस जाऊन चालणार नव्हते, भाव उतरला असता. बीज आत राहिले की गर्भ राहतो, हे तिने बायकांच्या तोंडून ऐकले होते. एकदा ते बाहेर पडले नाही असे तिच्या लक्षात आले. तिने मालकिणीला सांगितले, मालकिणीने वैद्याला. त्याने तिला टाचा पार्श्वभागाला लागतील अशा उड्या मारायला लावल्या. सातव्या उडीला ते जमिनीवर पडले. वरचे कवच काढलेल्या कच्च्या अंड्यासारखे, पातळ पापुद्र्यातून आतला द्रव दिसणारे, असे वर्णन तो करतो आणि ते सहा दिवसांचे होते म्हणतो. सहा दिवसांचा गर्भ मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून मोठा नसतो, तेव्हा त्याने पाहिले ते काही तरी बऱ्याच अधिक दिवसांचे असणार. दासीचा हिशेब चुकला असेल किंवा तिने खरे सांगितले नसेल. ग्रंथात तिचे पुढे काय झाले ते येत नाही. वैद्याला अंड्याचे साम्य सापडले होते, त्याचे काम झाले.

प्लेटोवर फार थांबायला नको. 'टिमियस'मध्ये त्याने गर्भाशयाला मुलासाठी आसुसलेला, शरीरभर भटकणारा प्राणी केले. सोरेनस नावाच्या वैद्याला पाचशे वर्षांनी सांगावे लागले की गर्भाशय गुहेतून निघालेल्या जनावरासारखे हिंडत नसते.

अ‍ॅरिस्टॉटलवर मात्र थांबावेच लागते. प्रजननावर त्याने पाच भागांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या पहिल्याच भागात 'बीज सबंध अंगातून येते' या मताची साले सोलली. मुले आईबापांसारखी दिसतात म्हणून बीज सगळ्या अवयवांतून येते म्हणता? मग मुलांचा आवाज, नखे, केस आणि चालही त्यांच्यासारखी असते. चालीतून कोणते बीज निघते? बापाला दाढी फुटायच्या आधी झालेल्या मुलाला पुढे दाढी येते, ती कुठून आली? एलिस गावच्या एका बाईला इथिओपियन पुरुषापासून मुलगी झाली. मुलगी काळी नव्हती, मुलीचा मुलगा काळा निघाला. मधल्या पिढीत तो रंग कोणत्या अवयवात बसून होता? आणि बापासारखा मुलगा जोडेही बापासारखेच घालतो, मग जोड्यांतूनही बीज येते म्हणायचे का? शेवटी तो वर्मावर बोट ठेवतो. आईच्या बीजात सगळे अवयव आहेत आणि गर्भाशयही तिचेच, तर मग तिला एकटीलाच मूल का होत नाही?

त्याचे स्वतःचे उत्तर असे. अन्नाचे रक्त होते. नराच्या अंगात उष्णता जास्त, म्हणून तो त्या रक्ताला आणखी पक्व करून वीर्य बनवतो. मादीला तेवढा पाक साधत नाही, तिच्याकडे राहते ते मासिक रक्त. आई द्रव्य देते, बाप आकार आणि चालना देतो. सुतार खाट करतो तेव्हा सुताराच्या अंगातले काही लाकडात जात नाही. हत्याराच्या हालचालीतून आकार तेवढा उतरतो. दुसरी उपमा दुधाची आहे. विरजण डोळ्यांपुढे आणले तर ती आपल्याला चटकन कळेल, पण त्याच्या मनात दही नव्हते, चीज होते. अंजिराचा चीक दुधात टाकला की दूध साकळते, आणि साकळलेल्या गोळ्यात चीक वेगळा असा उरत नाही. वीर्याचेही तसेच, ते काम करून विरून जाते.

'बाप काय देतो' या प्रश्नाला 'पदार्थ नव्हे, मांडणी' असे उत्तर पहिल्यांदा इथे मिळाले. जीवशास्त्रज्ञ मॅक्स डेलब्रुकने 1971 साली थट्टेच्या सुरात एक लेख लिहिला, त्यात डीएनएचे तत्त्व सुचवल्याबद्दल अ‍ॅरिस्टॉटलला मरणोत्तर नोबेल द्यावे असे म्हटले. थट्टेतला अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा भाग आईचा आहे, आणि तिथे अ‍ॅरिस्टॉटल अडकतो. आईकडे नुसते द्रव्य असेल तर मूल आईसारखे, आजीसारखे दिसते कसे? चौथ्या भागात तो यावर तोडगा काढतो: बापाकडून आलेली चालना कधी कमी पडते, मग ती आईकडे झुकते, किंवा घसरून आजोबांच्या, पणजोबांच्या चालनेवर जाते. मराठीत आपण 'पोरगा आजोबांच्या वळणावर गेलाय' म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटलचा सिद्धान्त त्या 'वळणा'त जवळजवळ पूर्ण मावतो. पण चालना आईकडे झुकायची तर आईचीही काही चालना असायला हवी. समोरच्या दाराने हाकललेले स्त्रीबीज त्याने मागच्या दाराने घरात घेतले, आणि हे कबूल केले नाही. मादी म्हणजे जणू अपुरा राहिलेला नर, हे त्याचे वाक्य पुढच्या दोन हजार वर्षांत जेवढे वापरले गेले, तेवढा हा मागचा दरवाजा कोणी दाखवला नाही.

लिंग कसे ठरते यातही तेच. उजव्या-डाव्याची भाकड मते त्याने कापाकापी करून निकालात काढली: नर आणि मादी गर्भाशयाच्या एकाच बाजूला सापडतात, हे पाहिलेले आहे. एम्पेडोक्लिसच्या ऊबदार गर्भाशयालाही त्याने हेच विचारले, की जुळ्यांतला एक मुलगा आणि एक मुलगी एकाच उबेत कसे वाढतात? आणि मग स्वतः उष्णतेवरच येऊन, उत्तरेचा वारा असेल तर माद्या जास्त की नर जास्त याची चर्चा करत बसला.

सिद्धान्त बाजूला ठेवून तो पाहायला बसतो तेव्हा मात्र माणूस वेगळाच. अंड्याची कृती त्यानेही केली. तीन दिवस-रात्रींनी पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो जिवंत असल्यासारखा उडतो, हलतो, ते काळीज. दहाव्या दिवशी पिल्लू सगळ्या अवयवांनिशी दिसते. डोळे काढून पाहिले तर काळे आणि घेवड्याच्या दाण्याहून मोठे. विसाव्या दिवशी कवच फोडून पिल्लाला हात लावला तर ते चिवचिवते. आजीच्या दिव्यापुढे दिसायचे ते जाळे याच ठिपक्यापासून पसरलेले असायचे. अंडीवाला वैद्य म्हणे पिल्लू पिवळ्यापासून होते आणि पांढऱ्यावर पोसते. अ‍ॅरिस्टॉटलने बरोबर उलट सांगितले. पिल्लाची सुरुवात पिवळ्याच्या अंगावरच्या बारीक चकतीत होते आणि मुख्य अन्नही पिवळाच, म्हणजे दोघांनाही निम्मे गुण.

त्या उडत्या ठिपक्यातून त्याने काढलेला निष्कर्ष अधिक मोलाचा होता. अवयव एकदम होत नाहीत, एकामागून एक होतात, जाळे विणत जावे तसे. आधी काय, यावर ग्रीकांत नुसता गोंधळ होता: अ‍ॅनाक्सागोरस मेंदू म्हणे, एम्पेडोक्लिस काळीज, डेमॉक्रिटस डोके आणि पोट, स्टोइक म्हणत सगळे एकदम. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हीच यादी वेगळ्या नावांनी भेटते: शौनक म्हणतो डोके, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभी, आणि धन्वंतरीचा निवाडा स्टोइकांसारखाच, बांबूच्या कोंबासारखे सगळे एकदम. कोणी कोणाकडून घेतले हे शोधण्याची गरज मला वाटत नाही. प्रश्न एकच असला आणि उत्तरे मोजकीच शक्य असली की याद्या जुळतात.

लेस्बॉस बेटावर, आज कॅलोनीचे आखात म्हणतात त्या खाजणाच्या काठी अ‍ॅरिस्टॉटल कोळ्यांशी बोलत बसे. मुशीच्या एका जातीत पिल्लू आईच्या गर्भाशयाला नाळेने बांधलेले असते, असे त्याने लिहिले. माशाला नाळ? शतकानुशतके कोणी विश्वास ठेवला नाही. 1842 साली बर्लिनच्या योहानेस म्युलरने ती मुशी कापून दाखवली, नाळ होती. उलट, नर ऑक्टोपस आपल्या एका हाताने मादीत बीज पोचवतो असे कोळी सांगत, ते त्याने नोंदवले आणि खोडून काढले. कोळी बरोबर होते. काही जातींत तो हात तुटून मादीतच राहतो, आणि एकोणिसाव्या शतकात क्यूव्हिएसारख्या दिग्गजाने तसा एक हात पाहून त्याला परजीवी किडा ठरवले आणि नावही दिले. समुद्रावर जाणाऱ्या माणसाचे न ऐकण्याची शिक्षा दोघांनाही सारखीच झाली.

ईल या, आपल्या बाजारातल्या वामीच्या लांबच्या नातलगाने तर त्याला पुरते चकवले. कोणत्याही ईलमध्ये त्याला अंडी मिळाली नाहीत, वीर्य मिळाले नाही. आटलेल्या डबक्यात पाऊस पडला की ईल पुन्हा दिसत. म्हणून त्या चिखलातून आपोआप होतात, असे त्याने लिहिले. 1876 साली ट्रिएस्टमध्ये एका विद्यार्थ्याने नर ईलचे वृषण शोधण्यासाठी सुमारे चारशे ईल कापल्या आणि खात्रीचे उत्तर न मिळवताच परतला. त्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड.

अ‍ॅरिस्टॉटलनंतर वादात नवा दारूगोळा आला तो अलेक्झांड्रियातून. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हेरोफिलसने माणसांची प्रेते कापली आणि स्त्रीच्या बीजकोशांचे वर्णन केले. पुरुषाच्या वृषणांना ग्रीकांत 'जुळे' म्हणत, तोच शब्द त्याने इथेही लावला. मात्र त्यातून निघणारी नळी मूत्राशयात जाते असा त्याचा समज झाला, आणि मग स्त्रीचे बीज असले तरी वायाच जाणार. सोरेनसने याच आधारावर स्त्रीच्या बीजाला गर्भधारणेत स्थान दिले नाही. एका नळीचे टोक चुकीच्या ठिकाणी जोडले गेले आणि आईचा वाटा चारशे वर्षे लांबला.

ते टोक गर्भाशयाला नेऊन जोडले गेलेनने. पर्गमॉनचा हा वैद्य, जन्म इ.स. 129. बीजावरच्या ग्रंथात त्याने अ‍ॅरिस्टॉटलला त्याच्याच प्रश्नावर पकडले: आईचे बीज नसेल तर मूल आईसारखे कसे? स्त्रीपुरुषांचे अवयव तेच, पुरुषाचे बाहेर वळलेले आणि स्त्रीचे आत राहिलेले, आणि आत राहण्याचे कारण उष्णता कमी. म्हणजे आईला वाटा मिळाला तोही थंडपणाच्या शेऱ्यासकट. सस्तन प्राण्याचे अंडे प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसायला मात्र 1827 उजाडावे लागले. फॉन बेअरने ते कुत्रीच्या बीजकोशात पाहिले. त्यानंतरही डार्विनने 1868 साली वारशाचे स्पष्टीकरण म्हणून अंगाच्या कणाकणातून बीज येते असाच सिद्धान्त मांडला. हिप्पोक्रेटिसच्या नावावर हे आधीच आहे, असे विल्यम ओगलने त्याला कळवले तेव्हा त्याने ते मोकळेपणाने मान्य केले.

राहिल्या मधमाश्या. अ‍ॅरिस्टॉटलने त्यांच्यावर जेवढे डोके खाजवले तेवढे माणसावरही नसेल. पोळ्यात तीन प्रकार: राजा (राणीला तो राजा म्हणतो), माश्या आणि नर, ज्यांना तो नर म्हणायलाही तयार नाही. माश्यांना नांगी असते, आणि निसर्ग मादीला हत्यार देत नाही, म्हणून त्या माद्या नव्हेत. त्या पिल्ले सांभाळतात, आणि नर पिल्ले सांभाळत नाहीत, म्हणून त्या नरही नव्हेत. समागम कोणी पाहिलेला नाही. मग राजे राजांना आणि माश्यांना जन्म देतात, माश्या नरांना देतात, नर कोणालाच देत नाहीत. गृहीतके घरातली, तर्क काटेकोर आणि निष्कर्ष बहुतेक चुकलेला. पण मधपाळांकडून ऐकलेली एक गोष्ट त्याने यात घट्ट धरून ठेवली होती: राजा नसलेल्या पोळ्यातही नरांची पैदास होते, माश्यांची मात्र होत नाही. आणि प्रकरणाच्या शेवटी तो सरळ लिहितो की वस्तुस्थिती अजून पुरेशी हाती आलेली नाही, आणि कधी आली तर तर्कापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

सायलेशियातल्या यान झिएर्झोन या मधपाळ धर्मगुरूने 1845 साली उत्तर छापले. राणी आकाशात उडताना समागम करते. तिच्या फळलेल्या अंड्यांतून माश्या आणि राण्या होतात, न फळलेल्या अंड्यांतून नर, बापाविना. राणी मेली आणि दुसरी झाली नाही की काही आठवड्यांनी कामकरी माश्या स्वतः अंडी घालू लागतात. पेटीचे झाकण काढून चौकट उचलली की एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी वेडीवाकडी पडलेली दिसतात, आणि वाढतात त्या अळ्या सगळ्या नरांच्या.